पडवी ते पुळण

१
गुहागरात समुद्राच्या अंगाच्या घरांना पुढे रस्ता, मागे वाडी, वाडीमागे सुरूचे बन आणि बनापलीकडे पुळण. पडवीतून निघालेला माणूस रमतगमत गेला तरी थोड्याच वेळात पाण्याला पाय लावतो. तेवढ्यात किड्यांची वस्ती तीन-चार वेळा बदलते. ही टिपणे बहुतेक त्याच पट्ट्यातली.

२
आधी पाय मोजावेत. सहा असले तर कीटक. मग पंख मोजावेत. दोनच असले तर माशीच्या गोतातला, चार असले तर मधमाशी, गांधीलमाशी किंवा आणखी कोणी. झेंडूवर घिरट्या घालणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ‘मधमाशी’ पुष्कळदा दोन पंखांची निघते. तिला नांगीच नसते. पट्टे आहेत म्हणून पक्षी तिला टाळतात आणि माणसेही.

३
मृगाचा किडा, लाल मखमलीचा. पाय आठ. कोळ्या-गोचिडांच्या कुळातला.

४
आंब्याच्या फांदीवर ओंबील घरटे शिवत होती. पाने लांब असली की कामकरी मुंग्या एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात आणि दुसरे पान ओढून आणतात. ते तसेच धरून ठेवायचे. मग आतून दुसऱ्या येतात, प्रत्येकीच्या जबड्यात एकेक अळी. अळीचे तोंड या पानाला टेकवायचे, मग त्या पानाला, पुन्हा या पानाला. रेशीम अळी सोडते. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही, म्हणून घर बांधायचे तर पोरांना कामाला लावावेच लागते.

चीनमध्ये संत्र्या-मोसंब्यांच्या बागांत कीड खायला याच जातीच्या मुंग्यांची घरटी शेकडो वर्षांपासून टांगत आले आहेत. आपल्याकडे आंबे काढायच्या दिवशी फांदीवर राख मारतात.

५
त्याच फांदीवर एक ‘मुंगी’ एकटीच चालत होती. रंग ओंबिलीचा, कंबर तशीच बारीक, पुढे मिशा हालताहेत. भिंग लावले तर मिशा म्हणजे पुढचे दोन पाय, वर उचलून धरलेले. पाय आठ. उड्या मारणारा कोळी. फांदी हलवल्यावर ओंबील चवताळून माझ्या बोटांवर आली. कोळी धाग्यावरून खाली उतरला आणि थोड्या वेळाने त्याच धाग्याने वर गेला. त्याच्या नराचे जबडे पुढे इतके वाढलेले असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून निघाली आहे, असे वाटावे.

६
न्हाणीघराच्या भिंतीवर राखाडी, चपटी, भोपळ्याच्या बीसारखी एक पिशवी चिकटलेली असते. केरसुणीने ओढली की पडते आणि केरात जाते. ती न ओढता पाच मिनिटे पाहावी. एका टोकातून तपकिरी डोके बाहेर येते, तीन जोड्या पाय येतात, पिशवी पुढे ओढली जाते. वाटेत अडथळा आला की अळी आत शिरते, आतल्या आत वळते आणि दुसऱ्या टोकातून डोके काढून परत निघते. पिशवी दोन्ही बाजूंनी उघडी. स्वतःच्या रेशमाची आणि वर चिकटवलेल्या वाळूच्या, धुळीच्या कणांची. खाणे म्हणजे जुनी कोळिष्टके, केस, लोकरीचे तंतू. एका लहानशा पतंगाची ही अळी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट घरांत ती सर्रास आहे. मी विचारले त्यांपैकी बहुतेकांनी तो वाळलेला केर समजला होता.

७
डास भिंतीवर बसला की मारण्याआधी त्याची बैठक बघावी. शेपटीचा भाग वर उचलून, भिंतीशी कोन करून बसला असेल तर ॲनॉफिलिस. भिंतीला समांतर बसला असेल तर क्युलेक्स किंवा एडिस. पायांवर पांढरे पट्टे आणि दिवसाढवळ्या चावणारा, तो एडिस. रक्त पिते ती मादी. नर फुलांच्या रसावर जगतो.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला ॲनॉफिलिस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. शहरातला हिवताप पसरवणारा स्टीफेन्साय हा डास गच्चीवरच्या टाकीत आणि विहिरीत अंडी घालतो. टाकीला झाकण घट्ट बसते का, एवढे आजच पाहता येईल.

८
एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म सातारा, १८५१. नोकरी जकात आणि मीठ खात्यात, म्हणून कोकणपट्टी आणि कारवारकडे फिरती. घरातल्या मुंग्या, डास, पाली, कावळे यांच्यावर त्याने लिहिलेले पुस्तक १८८३ साली निघाले. त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला, भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ माणसे जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली. एटकेन त्यांतला एक. आठांत दोन आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाच्या स्थापनेतले, दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील. दोघेही समाजसुधारणेच्या इतिहासात भेटतात. निसर्ग-अभ्यासाच्या इतिहासात त्यांची आठवण क्वचितच निघते, ती निघायला हवी.

एटकेनच्या नावाने आज एक ॲनॉफिलिस डास ओळखला जातो.

९
ओहोटीची वेळ, ओल्या वाळूची चकाकती पट्टी. समोर काहीतरी धावते आणि थांबते. पुन्हा धावते, थांबते. जवळ जावे तर उडते, पाच-सहा हात पुढे उतरते आणि उतरताना तोंड आपल्याकडे करून उभे राहते. हा वाघभुंगेरा. आपल्या देशाच्या वालुकामय किनाऱ्यांवर आढळणाऱ्या एका जातीचे नाव हायपेथा बायरामोसा. पाठ काळपट, तिला ब्राँझची झाक, कडेने पांढरट पट्टा.

तो मध्येच का थांबतो, याचे कारण त्याच्या डोळ्यांत आहे. धाव इतकी वेगवान की त्या वेगात डोळ्यांना पुरेसा उजेड गोळा करता येत नाही आणि भक्ष्य दिसेनासे होते. म्हणून थांबायचे, माशी कुठे आहे ते पुन्हा हेरायचे आणि पुन्हा सुटायचे. डोळे डोक्याच्या बाहेर आलेले, जबडे कोयत्याच्या पात्यासारखे वाकडे, एकमेकांवरून गेलेले. पाय लांब, अंग तापल्या वाळूपासून वर उचललेले.

याची अळी अगदी उलट स्वभावाची. वाळूत उभे बीळ करते, बिळाच्या तोंडाशी डोके बसवून बूच मारते आणि वाट पाहते. कोणी वरून गेले की झडप. पाठीवर कुबड आणि कुबडावर आकडे असतात. ते बिळाच्या भिंतीत रोवलेले, त्यामुळे मोठे भक्ष्य तिला बाहेर ओढू शकत नाही.

पाहायचा असेल तर ऊन चढल्यावर जावे. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. बसत बसत पुढे सरकावे. जिथे गाड्या पुळणीवर फिरवतात, तिथे तो दिसत नाही. उभ्या बिळावरून चाक गेले की आतली अळी संपते.

१०
वाहून आलेल्या कचऱ्याखालून टणाटण उड्या मारणारे ते वाळूपिसू म्हणजे किडे नव्हेत. झिंग्यांचे भाऊबंद.

११
कुंभारमाशी विहिरीच्या काठावरून ओली माती आणते. गोळी करून, पुढच्या पायांत आणि जबड्यात धरून. माती थापताना ती गुणगुणते आणि त्या थरथरीने गोळी पसरत जाते. कोठी तयार झाली की कोळी आणायला सुरुवात. कोळी मेलेले नसतात, डंखाने लुळे पडलेले असतात, म्हणून कुजत नाहीत. त्यात एक अंडे घालायचे, तोंड लिंपायचे आणि शेजारी दुसरी कोठी. आमच्या फडताळाच्या मागे असा पुंजका आहे. जुनी कोठी फोडली तर आत कोळ्यांचे वाळके पाय आणि कागदासारखा तपकिरी कोष निघाला.

हिचीच भावंडे कोळ्यांऐवजी हिरव्या अळ्या भरतात. संतवाङ्मयात अळी आणि भिंगुरटीचा दृष्टान्त पुन्हा पुन्हा येतो: मातीच्या घरात कोंडलेली अळी भिंगुरटीचे ध्यान करता करता भिंगुरटीच होते. पाहणाऱ्याने बरोबर पाहिले होते. आत अळी गेली, बाहेर माशी आली. मधले दिवस मातीआड गेले.

१२
पाडेली माडावरून उतरला. हातात गेंड्या भुंगा, जिवंत, डोक्यावर शिंग.

“मारू नको, मला बघायचाय.”

“बगा तात्या. पन माडावर भुंगा मारून काय व्हनार? त्येची पोरं तुमच्या गायरीत हायत.”

गायरीतले शेणखत फावड्याने उलटले. बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, कमानीत वळलेल्या अळ्या निघाल्या. भुंगा माडाचा कोवळा कोंब पोखरतो. त्या कोंबातली पाने महिन्यांनी उघडतात तेव्हा कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसतात. रोग वर दिसतो, उपाय खाली असतो. खत दर दोन महिन्यांनी उलटावे, अळ्या वेचाव्यात, कोंबड्यांना घालाव्यात. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात गेलात तर तिथेही खतखड्ड्यावरच बोट ठेवतील. अळ्यांना मारणारी मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती खतात मिसळता येते.

१३
सोंड्या भुंगा वेगळा. तांबूस, लांब सोंडेचा. त्याला माडाची जखम लागते. चढायला खोडात खाचा पाडल्या की त्या वासाने मादी येते आणि खाचेत अंडी घालते. मग अळ्या खोडाच्या आत. खोडाला कान लावला तर कुरतडण्याचा आवाज येतो. तो आला म्हणजे फार उशीर झालेला असतो. माडाला खाच पाडू नये.

१४
चैत्रात तुळशीवर लहान, तपकिरी-पिवळ्या माश्या बसलेल्या दिसतात. पंख पसरून, अगदी निवांत. या फळमाश्या. सगळे नर. तुळशीच्या पानांत मिथाइल युजेनॉल असते आणि त्याच्या वासाने नर वेडे होतात. मादी ढुंकूनही पाहत नाही. ती आंब्याच्या सालीत अंडी घालण्यात गुंतलेली असते.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा याच वासावर चालतो. नर कमी झाले की माद्यांची अंडी फळत नाहीत.

२०१४ साली युरोपीय संघाने भारतातल्या आंब्यावर बंदी घातली. पेट्यांत फळमाशी सापडली होती. बंदी पुढच्या वर्षी उठली.

१५
शेजारची नात धावत आली. “तात्याआजोबा, एक हिरवी माशी झुरळाला फिरायला नेतेय!”

मोरीजवळ पन्ना-हिरवी, चकचकीत गांधीलमाशी. मागच्या मांड्या लाल. समोर तिच्या तिप्पट मोठे झुरळ. तिने त्याची एक मिशी तोंडात धरली होती आणि ती मागे मागे सरकत होती. झुरळ तिच्यामागून स्वतःच्या पायांनी चालत होते. दोन्ही मिशा अर्ध्यावर तुटलेल्या.

तिने त्याला दोन डंख मारलेले असतात. पहिला छातीत, त्याने पुढचे पाय काही मिनिटे लुळे पडतात. तेवढ्या वेळात दुसरा, मानेतून थेट मेंदूत. त्यानंतर झुरळ चालू शकते, पण आपणहून चालायला निघत नाही. ती नेईल तिकडे जाते. बिळात नेऊन त्याच्या पायावर ती अंडे घालते आणि बीळ खड्यांनी बुजवते. अळी झुरळ खाऊन वाढते.

मुलीने विचारले, “झुरळाला दुखत असेल का?” मला उत्तर देता आले नाही. ती मात्र बीळ बुजेपर्यंत उठली नाही.

१६
जगात नोंदवलेल्या कीटकांच्या जाती दहा लाखांच्या वर. भर समुद्रावर आयुष्य काढणाऱ्या पाच. पाचही हॅलोबेटिस या एकाच कुळातल्या, पाणकिड्यांच्या नात्यातल्या, बिनपंखी. रूरिक या रशियन जहाजावरच्या एशशोल्ट्झने १८२२ साली या कुळाला नाव दिले. पाण्याच्या पृष्ठभागावर धावतात, बुडत नाहीत. अंडी घालायला तरंगते काहीतरी लागते. पूर्वी पिसे, लाकूड, सच्छिद्र दगड. आता प्लॅस्टिकही. वादळानंतर त्या कधी कधी किनाऱ्याला लागतात. जुलैतल्या प्रत्येक मोठ्या उधाणानंतर मी वाहून आलेली रेघ चाळतो.

१७
तांदळातला टोका. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडे ठेवते आणि भोक चिकट डाटाने बंद करते. वरून दाणा अखंड दिसतो. म्हणून निवडलेल्या, पाखडलेल्या तांदळातही महिन्याभराने टोके निघतात. उन्हात घातले की बाहेरचे पळतात, आतले राहतात.

१८
सुक्या मासळीच्या डब्यात काळपट भुंगेरे आणि केसाळ अळ्या होतात. डर्मेस्टिस. सोडे, सुकट, बोंबील, सगळ्यांची नासाडी. जगातल्या मोठ्या संग्रहालयांत हेच भुंगेरे मुद्दाम पाळतात. प्राण्याचा सांगाडा त्यांच्या पेटीत ठेवला की हाडांना धक्का न लावता ते सगळे मांस साफ करतात. कोणत्याही हत्याराने इतके नाजूक काम होत नाही.

१९
कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडली आहे, असे वाटले तर काडीने हलकेच स्पर्श करावा. शीट डोके उचलते, मानेमागून लाल, दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी. पुढे कात टाकत टाकत ती हिरवी होते. कुंडीतली चार पाने तिला खाऊ द्यावीत. फोडणीला उरतात तेवढी पुरतात.

तिचे मोठे भावंड नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू ठरवले. असे करणारे देशातले हे पहिले राज्य. त्याची अळीही लिंबाच्याच कुळातली पाने खाते: लिंबू, पपनस, रानातला माकडलिंबू. मानचिन्हाचे अन्न म्हणून माकडलिंबू कोणी राखला आहे का, हे आपापल्या गावात विचारावे.

२०
पुळणीच्या वरच्या अंगाला रुई उगवते. रुईच्या चिकाचे विष खाऊन वाढणारी अळी पुढे केशरी-काळे प्लेन टायगर फुलपाखरू होते. एकदा चव घेतलेला पक्षी त्याला पुन्हा तोंड लावत नाही.

वाडीत घोळ उगवते. घोळ खाऊन वाढणाऱ्या डॅनेड एगफ्लाय फुलपाखराच्या अंगात विष नाही. त्याची मादी हुबेहूब केशरी-काळी. नर काळा, पंखांवर पांढरे ठिपके, त्याला हे सोंग नाही.

घोळीची भाजी आमच्याकडे पातळ करतात.

२१
पहिल्या पावसानंतरची संध्याकाळ. वारुळातून पंखांच्या वाळव्या धुरासारख्या वर येतात. दिव्याखाली परात भरून पाणी ठेवायची पद्धत घरोघर आहे. सकाळी केरात नुसते पंख. उडाल्यावर थोड्याच वेळात पंख गाळून, जोडीने, एकामागे एक, दोघे जमिनीत शिरायला जागा शोधतात. सापडली तर तिथे नवे राज्य. बहुतेकांना सापडत नाही. त्या संध्याकाळी पाली, बेडूक, कोतवाल, वटवाघळे, मुंग्या सगळ्यांचे पोट भरते.

२२
त्याच दिवसांत दिव्यावर येणारा एक बारीक, लांबट किडा ओळखून ठेवावाच. डोके काळे, छाती नारिंगी, पंखांचे झाकण आखूड आणि निळसर, पोट नारिंगी, टोक काळे. शेपूट वर करून पळतो. पेडेरस. हा चावत नाही, डंखही मारत नाही. अंगावर चिरडला तर त्याच्या रक्तातले पेडेरिन कातडीला लागते आणि दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा चट्टा उठतो. अंगावर बसला तर फुंकर मारावी. चुकून चिरडलाच तर लगेच साबणाने धुवावे, तो हात डोळ्याला लावू नये. पेडेरिन तयार करतो तो त्याच्या शरीरात राहणारा जिवाणू.

शेतात हाच पेडेरस पिकावरचे तुडतुडे खातो.

२३
जून: सागाची पाने चाळण. कारण हिब्लिया प्युएरा नावाच्या पतंगाची अळी.
पावसाळ्याची अखेर: मुंबई-ठाण्याच्या खाडीत तिवरांची पाने चाळण. कारण तीच अळी.
तिवरे वाळली म्हणून दरवेळी घबराट होते. काही आठवड्यांत त्यांना नवी पाने फुटतात. फवारणीची मागणी करण्याआधी महिनाभर थांबावे.

२४
मर्यादवेलीच्या पानावर सोन्याचा थेंब. कासवभुंगेरा. वरून पाय, मिशा, डोके काही दिसत नाही, नुसती पारदर्शक कडा आणि मध्ये सोने. संग्रहात टाचून ठेवले की सोने जाते, तपकिरी टरफल उरते. ती चमक कवचातल्या ओलाव्याच्या थरांची असते. तो वेलीवर असतानाच पाहून घ्यावा.

२५
मर्यादवेलीच्या मधल्या मोकळ्या वाळूत बेम्बिक्स ही गांधीलमाशी बीळ खणते. पुढच्या पायांना केसांचे दाते असतात, त्यांनी वाळू मागे फेकते. इतक्या झपाट्याने, की तिच्या मागे वाळूची धार लागते. कुंभारमाशी शिदोरी एकदाच भरून निघून जाते. ही तसे करत नाही. पोर मोठे होईल तसतशी रोज ताज्या माश्या आणते. बाहेर जाताना दार वाळूने लोटते, परत आल्यावर त्या एकसारख्या वाळूत नेमके तेच दार उघडते. आसपासच्या काड्या-शंखांच्या खुणा तिला पाठ असतात. ती बाहेर गेलेली असताना शेजारचा शंख उचलू नये.

२६
जोत्याच्या कडेला, पाऊस न लागणाऱ्या कोरड्या मातीत निमुळते खड्डे. तळाशी एक अळी, नुसते जबडे वर. मुंगी काठावर आली की ती खालून माती उडवते, काठ ढासळतो, मुंगी घसरते. ही अळी उलटी चालते. तिला गुदद्वार नाही, अळीपणाची सगळी वर्षे साठलेला मळ ती कोषातून बाहेर आल्यावर टाकते. मोठेपणी चार जाळीदार पंख येतात. रात्री दिव्याला येऊन बसलेली ती पाहून या खड्ड्याची आठवण कोणाला होत नाही.

२७
रातकिड्याचे कान पुढच्या पायांत असतात, गुडघ्याखाली.

२८
नाव हवे असेल तर फोटो कसा काढावा: एक वरून, एक बाजूने, एक समोरून चेहऱ्याचा. ज्या झाडावर होता त्याच्या पानाचा एक. शेजारी काडेपेटी नाही तर नाणे. वेळ आणि जागा लिहून ठेवावी. झाडाचे नाव कळले की किड्याचे निम्मे काम होते, कारण पुष्कळ अळ्या ठरावीक झाडाखेरीज कशाला तोंड लावत नाहीत. बऱ्याच किड्यांचे नाव कुळापर्यंतच लागते आणि पुढे भिंग, सूक्ष्मदर्शक आणि जाणकार लागतो. कुळापर्यंत लागलेले नावही वहीत जपून लिहावे.

२९
सप्टेंबर-ऑक्टोबरात वाडीवर, पुळणीवर पिवळसर चतुरांचे थवे. पँटाला फ्लेव्हेसेन्स. बसताना फारसे दिसत नाहीत, उडतच असतात. पावसाच्या डबक्यांत यांची पोरे दीड-दोन महिन्यांत मोठी होतात. डबकी आटायच्या आत.

मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना दर ऑक्टोबरात तिथे हजारो चतुर उतरताना दिसत. मालदीवमध्ये जमिनीवर गोडे पाणी जवळजवळ नाही, म्हणजे ते तिथले नव्हेत. त्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी जुळवल्या आणि २००९ साली मांडले की हे चतुर भारतातून निघतात, उंचावरच्या वाऱ्यावर समुद्र ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत पावसाबरोबर पोहोचतात. परतीची वाट पुढच्या पिढ्या धरतात. पूर्ण फेरा एका चतुराच्या आयुष्यात होत नाही, त्याला चार पिढ्या लागतात. त्याच सुमारास अमूर ससाणेही हा समुद्र ओलांडतात. वाटेत ते चतुर खात असावेत, असा अँडरसन यांचा कयास आहे.

घरामागच्या डबक्यात गप्पी मासे सोडण्याआधी चतुराची पोरे आहेत का, ते पाहावे. तीही डासांच्या अळ्याच खातात.

३०
काजव्याची अळी गोगलगाई खाते. ती ओल्या पाचोळ्यात वाढते आणि तीही उजळते. मेअखेरीस नर उडत उडत लुकलुकतात. खाली गवतात किंवा झुडपावर बसलेली मादी त्याला पाहून उत्तर देते. उत्तर दिसले तर जोडी जमते, नाही दिसले तर नाही.

किनाऱ्यावर उंच खांबांचे पांढरे दिवे लागल्यापासून सुरूच्या बनातले काजवे मागे हटत वाडीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आले आहेत. पाचोळा जाळायची सवयही त्यांच्या मुळावर आहे.

मे महिन्याच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत रात्री परसातला दिवा बंद ठेवा. ठेवायलाच हवा असेल तर पिवळा, मंद आणि जमिनीकडे तोंड केलेला लावा. माडाच्या बुंध्याशी पाचोळा राहू द्या. ग्रामपंचायतीत पुळणीवरच्या दिव्यांचा विषय निघाला तर एवढे तीन आठवडे ते दहाला मालवा, असे उठून सांगा.